दिसतंय, तरी नाही म्हणतंय

गेल्या महिन्यात एका रविवारी रात्री साडेनऊच्या सुमाराला भाचीचा व्हिडिओ कॉल आला. तासगावच्या घरातला सोपा, मागच्या भिंतीवर कॅलेंडर, आणि पडद्यावर तिचं अर्धंच कपाळ, कारण फोन तिनं पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला होता. "आत्या, फाईल समोर दिसतेय गं, तरी नाही म्हणतंय." डिप्लोमाचं शेवटचं वर्ष आहे तिचं. बागेतल्या मातीचा ओलावा बघून ठिबकचा व्हॉल्व्ह उघडणारं आणि बंद करणारं सर्किट, असा प्रोजेक्ट. आमच्याकडच्या पोरीला सुचावा असाच विषय. त्यातल्या एआरएम चिपसाठी लागणारा कंपायलर, म्हणजे आपला कोड चिपला कळेल अशा भाषेत बदलणारा प्रोग्राम, सरांनी पेन ड्राइव्हवर दिला होता, २०१५ सालची आवृत्ती, कारण आधीच्या बॅचचा कोड तिच्यावर बेतलेला. आपल्या उबुंटू २२.०४ वर, म्हणजे लिनक्सच्या एका अवतारावर, तिनं तो हातानं बसवला. टारचं गाठोडं '/ऑप्ट'मध्ये सोडलं, आतल्या 'बिन' फोल्डरमध्ये गेली, 'एलएस' केलं, म्हणजे तिथल्या फाईलींची यादी मागितली. फाईल आहे. नाव हिरव्या रंगात, म्हणजे चालवायची परवानगीसुद्धा आहे. आणि तीच फाईल चालवायला गेलं की उत्तर येतंय, 'नो सच फाईल ऑर डिरेक्टरी'. तिनं मला ते तीनदा करून दाखवलं. एलएस केलं की आहे, चालवलं की नाही. तिसऱ्या वेळी तिचा आवाज रडवेला झाला होता. सकाळपासून ती याच एका ओळीशी झगडत होती.

मला उत्तर माहीत होतं. विचारसुद्धा करावा लागला नाही, बोटांनाच ते पाठ आहे. व्हॉट्सॲपवर तीन ओळी पाठवल्या, एकामागून एक टाकायला सांगितल्या. पासवर्ड विचारला, काही पॅकेज उतरली, आणि चौथ्या मिनिटाला कंपायलरनं आपली आवृत्ती सांगितली. "भारी! चाललं! थँक्यू आत्या," म्हणाली आणि फोन ठेवला.

त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही.

मी तिला दिलं ते उत्तर होतं की उतारा? गावाकडे लेकरू किरकिर करायला लागलं की आजी मीठमोहरी ओवाळून चुलीत टाकायची. लेकरू गप व्हायचं. कशानं किरकिरत होतं ते कुणाला कळायचं नाही आणि कशानं गप झालं तेही नाही. भाचीच्या लेखी तिचं मशीन दिवसभर तिच्याशी खोटं बोलत होतं आणि आत्यानं तीन ओळी ओवाळून टाकल्यावर खरं बोलायला लागलं. ते खोटं बोलत नव्हतं, हे मला तिला सांगता आलं असतं. पाच मिनिटं लागली असती. मी सांगितलं नाही, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी आठला माझी मीटिंग होती. हीच ओळ २०१४ मध्ये माझ्या वाट्याला आली तेव्हा मला एक आख्खी रात्र आणि दुसरा अर्धा दिवस लागला होता. तेवढा वेळ तिचाही जावा असं मला अजिबात वाटत नाही. पण त्या रात्रीनं मला जे दिलं, ते त्या तीन ओळींमध्ये नव्हतं.

हे सगळं हातानं बसवायची विद्या मला हौसेनं मिळालेली नाही. घरात इंटरनेट नव्हतं म्हणून मिळाली. २००८ साली मी इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते, रोज एसटीनं तासगावहून सांगलीला जायचे. घराला लागूनच आप्पांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान. पुढे टेबलावर उघडलेल्या मोटरी, तांब्याच्या तारेची रिळं, गरम वार्निशचा नाकात बसणारा वास, आणि मागच्या खोलीत माझ्यासाठी घेतलेला सेकंडहँड कॉम्प्युटर. त्याच्या कीबोर्डच्या फटींमध्ये कायम तांब्याचे बारीक तुकडे अडकलेले असत. उबुंटूच्या सीडी तेव्हा फुकट घरपोच यायच्या, शिपइट नावाची ती सोय २०११ मध्ये बंद झाली. नाव-पत्ता भरायचा आणि विसरून जायचं. दीडेक महिन्यानं पोस्टमन दुकानात येऊन परदेशी शिक्क्याचं पाकीट देऊन गेला. आप्पांनी हात पुसून ते घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "पैसं कुणी भरलं?" मी म्हटलं, कुणीच नाही, फुकट आहे. "फुकट कसं आसंल? कुणीतरी बसून केलं आसंल की." त्यावर माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. पुढे कधीतरी मी त्यांना सांगितलं की हे उबुंटू ज्या डेबियन नावाच्या लिनक्सवर उभं आहे त्याचं नाव इयान मर्डॉक नावाच्या मुलानं १९९३ मध्ये आपल्या मैत्रिणीचं, डेब्राचं, नाव आणि स्वतःचं नाव जोडून ठेवलं. आप्पांना ते पटकन समजलं. आमच्या दुकानाची पाटीही माझ्या आणि भावाच्या नावातली अक्षरं जोडूनच रंगवली होती.

उबुंटू ८.०४ बसवायला काही अडचण आली नाही, ते सीडीवरच होतं. अडचण पुढे होती. कॉलेजात जावा ही प्रोग्रामिंगची भाषा सुरू झालेली, आणि घरी सराव करायचा तर जेडीके, म्हणजे जावाची अवजारं, आणि एक्लिप्स, म्हणजे कोड लिहायचा प्रोग्राम, दोन्ही हवं. ज्यांच्याकडे नेट होतं ते एका ओळीत मागवून घ्यायचे. माझ्यासाठी ती ओळ नुसती अक्षरं होती, पलीकडे कुणी उचलणारंच नव्हतं. म्हणून स्टँडजवळच्या नेट कॅफेत जाऊन बसायचं. सत्तर-ऐंशी एमबीची एकेक फाईल, एका दुपारी एकच व्हायची, तीही मध्येच तुटली नाही तर. कॅफेवाला काका भला माणूस होता. डाउनलोड चालू असताना मला बाकड्यावर बसू द्यायचा आणि नुसतं बसण्याचे पैसे घ्यायचा नाही. अंधार पडायच्या आत घरी पोचायचं एवढी एकच अट घरातून होती, त्यामुळे पडद्यावरची ती निळी पट्टी आणि दाराबाहेरचं ऊन, दोन्हीकडे माझं लक्ष असायचं. एक जीबीचा पेन ड्राइव्ह रुमालात गुंडाळून दप्तराच्या आतल्या कप्प्यात. तो दिवस, तो रुमाल, फाईल पूर्ण आली का हे पुन्हा पुन्हा आकडा बघून पडताळणं, हे मला आजही जसंच्या तसं आठवतं. आता दिवसात जीबीच्या जीबी येतात आणि त्यातलं मला काहीच आठवत नाही.

घरी आल्यावर पहिला दणका 'परमिशन डिनाइड'चा. मी मालकीण, फाईल माझी, आणि परवानगी नाही. पेन ड्राइव्हवर विंडोजच्या पद्धतीची मांडणी असते, तिला ही फाईल चालवायची आहे की नुसती ठेवायची आहे असला भेद लिहून ठेवायची सोयच नाही, हे कळायला वेळ लागला. फाईल आपल्या डिस्कवर आणायची, 'सीएचमॉड' करून तिला चालायची मुभा द्यायची, मग चालवायची. सन कंपनीचा जेडीके तेव्हा अशा एका बंद गाठोड्यात यायचा की चालवलं की आधी करारनामा वाचायला लागायचा. स्पेसबार दाबत दाबत शेवटपर्यंत जायचं आणि 'येस' टाईप करायचं. मी पहिल्यांदा तो खरंच सगळा वाचला होता. मग फाईलींची नावं पडद्यावरून झरझर वर सरकायला लागली. आणि लाईट गेली. लोडशेडिंगचे दिवस होते ते, आमच्या भागात लाईट कधी यायची आणि कधी जायची यावरच सगळ्यांचं वेळापत्रक चालायचं. रात्री अडीचला आली. मी उठले, अर्धवट सुटलेला फोल्डर पुसला आणि पहिल्यापासून केलं.

कुठे ठेवायचं हा पुढचा प्रश्न, आणि या सगळ्यातला मला सर्वांत आवडलेला भाग. लिनक्सच्या घरात प्रत्येक खोलीचं काम ठरलेलं आहे. '/यूएसआर' ही सिस्टिमची स्वतःची कोठी, तिथलं प्रत्येक भांडं पॅकेज मॅनेजरनं, म्हणजे सॉफ्टवेअर उतरवून बसवणाऱ्या प्रोग्रामनं, मोजून लावलेलं, त्यात आपण बाहेरून आणून काही कोंबायचं नाही. कोंबलं तर आज चालतं, आणि पुढच्या अपडेटला ते आपलं भांडं फेकून देतं नाहीतर त्याच्यावर अडखळतं. बाहेरून आलेल्यासाठी वेगळी जागा आहे, '/ऑप्ट'. नव्या उबुंटूवर तो फोल्डर उघडून पाहावा, आत काहीच नसतं. सगळं घर गच्च भरलेलं आणि ही एकच खोली झाडून-पुसून रिकामी ठेवलेली. मला आमचा सोपा आठवला. जुन्या घरांना पुढे सोपा असतो, येणाराजाणारा तिथे टेकतो, पाणी पितो, हवं तर रात्री मुक्काम करतो. त्याचा मान असतो, पण तो स्वयंपाकघरात शिरत नाही. जेडीके सोप्यात. एक्लिप्स सोप्यात. आणि सोप्यातल्या जेडीकेच्या लांबलचक, आकड्यांनी भरलेल्या नावाला एक सोपं टोपणनाव, सिमलिंक करून, म्हणजे उद्या नवा जेडीके आला तर फक्त पाटी काढून नव्यावर लावायची.

यानंतर माझ्या हातून चूक झाली. शेलला, म्हणजे आपण टाईप केलेल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामला (उबुंटूवर त्याचं नाव बॅश), जावा कुठे आहे ते सांगायचं असतं. त्यासाठी 'पाथ' नावाची एक यादी असते, फोल्डरांची, मध्ये अपूर्णविराम घालून लिहिलेली. आपण काही टाईप केलं की शेल ती यादी पहिल्यापासून धरतो, एकेका दारात जाऊन विचारतो, या नावाचं कुणी आहे का, आणि जिथे पहिल्यांदा 'आहे' ऐकू येतं तिथे थांबतो. या यादीत मला माझ्या जावाचं दार वाढवायचं होतं. मी 'बॅशआरसी' ही शेलच्या सेटिंगची फाईल उघडून ओळ लिहिली, पण जुनी यादी पुढे जोडायची राहिली. नवं टर्मिनल उघडलं आणि 'एलएस' केलं. कमांड नॉट फाउंड. 'सीपी' नाही, 'मॅन' नाही, 'सुडो' नाही. सगळं घर एका ओळीनं गायब. मला घाम फुटला. वाटलं, पुसलं गेलं सगळं. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, तरी तेच. पेन ड्राइव्ह, कॅफे, तीन दुपारी, अडीच वाजताचं जागरण, सगळं डोळ्यांसमोरून गेलं आणि मी तिथेच कीबोर्डवर डोकं ठेवून रडले.

आप्पा पुढे काम करत होते. त्यांनी कारण विचारलं. मी म्हटलं, मशीनमधलं सगळं गेलं. ते म्हणाले, "गेलं का सापडंना झालंय?"

हे वाक्य त्यांनी सहज म्हटलं होतं, कारण दिवसभर त्यांचा तोच धंदा. शेतकरी मोटर ट्रॅक्टरवर टाकून घेऊन यायचे, जळली म्हणून. आप्पा आधी मोटर उघडायचेच नाहीत. विचारायचे, बंद पडताना आवाज कसा केला? नुसती घुंई करत होती आणि फिरत नव्हती, असं उत्तर आलं की म्हणायचे, डीपीवर जाऊन बघा, तिन्ही फेज आहेत का. थ्री फेजमधला एक फेज गेला की मोटर अशीच घुमते, फिरत नाही, आणि तशीच चालू ठेवली तर मग खरंच जळते. बघणाऱ्याला वाटतं मोटर बिघडली. मोटर धड असते, नसतो तो डीपीवरचा एक फ्यूज, अर्धा किलोमीटर लांब. कितीतरी लोकांना त्यांनी मोटर न उघडता परत पाठवलं, एक रुपया न घेता. आई त्यावरून कुरकुरायची. ते म्हणायचे, जे जळलंच न्हाई त्याचं पैसं कसं घ्यायचं.

मी डोळे पुसून पुन्हा बसले. एलएस गेलेला नव्हता, तो '/बिन'मध्ये होता. शेलला '/बिन'चं दार माहीत नव्हतं एवढंच. पूर्ण पत्ता टाकून पाहिला, '/बिन/एलएस', आणि सगळं घर परत दिसलं, एकही फाईल हललेली नव्हती. ती ओळ दुरुस्त केली. मग 'जावा', एक हायफन, 'व्हर्जन'. उत्तर आलं. मग एक्लिप्स. गॅनिमेड ही त्या वर्षीची आवृत्ती, तेव्हा एक्लिप्सच्या आवृत्त्यांना गुरूच्या चंद्रांची नावं द्यायचे, आधीची युरोपा, त्याच्या आधीची कॅलिस्टो. त्या कॉम्प्युटरची मेमरी तुटपुंजी, त्यामुळे खिडकी उघडायला इतका वेळ लागला की मी मध्ये जाऊन चहा टाकून आले. आले तर पडद्यावर ती खिडकी होती, रिकामी, माझ्या हातानं लावलेली. मी आप्पांना आत बोलावलं. त्यांना त्यातलं काही कळायचं कारण नव्हतं, पण ते बराच वेळ उभे राहून बघत होते. मग म्हणाले, "ल्हिऊन ठिवलंस का? पुन्यांदा लागंल."

त्यांची स्वतःची एक डायरी होती. जळालेली मोटर आली की जुनं वाइंडिंग काढायच्या आधी ते मोजायचे. किती स्लॉट, कितीचं गेज, एका कॉइलला किती फेरे, जोडणी कशी. सगळं डायरीत. कारण एकदा का जुनी तार उपसली की ती माहिती कायमची जाते, मोटरच्या अंगावर ती कुठेही लिहिलेली नसते. तेलाच्या बोटांनी कडा काळ्या झालेल्या त्या डायरीत तासगाव-कवठे महांकाळ भागातल्या शेकडो विहिरींच्या मोटरी आहेत. मीही एक वही केली. दोनशे पानी, रेघांची. कोणती फाईल, कुठून आणली, कुठे ठेवली, कोणती ओळ कोणत्या फाईलीत लिहिली, काय चुकलं. ती वही पुण्याला माझ्याबरोबर आली, तीन भाड्याच्या खोल्यांतून फिरली.

२०१४ मध्ये त्याच वहीत भाचीची ओळ आली. पुण्यात नोकरी, अँड्रॉइडवर पहिलंच काम, मशीनवर ६४ बिटचं ताजं उबुंटू १४.०४. एसडीके, म्हणजे ॲप बनवायची अवजारं, उतरवला, '/ऑप्ट'मध्ये सोडला, फोन जोडायचं 'एडीबी' चालवलं. नो सच फाईल ऑर डिरेक्टरी. एलएस केलं, आहे. पाथ बघितला, बरोबर. परवानगी बघितली, बरोबर. पूर्ण पत्ता टाकून बघितलं, तरी नाही. माझ्याजवळची सगळी शस्त्रं संपली. कुणी सांगितलं 'आयए३२-लिब्स' टाक, ते पॅकेज तर उबुंटूनं १३.१० पासूनच काढून टाकलेलं. कर्वेनगरच्या खोलीत पंख्याखाली बसून रात्रभर मी त्या ओळीकडे बघत होते. रूममेटचा सकाळचा अलार्म वाजला तेव्हा आप्पांचं डीपीचं वाक्य आठवलं, असं सांगितलं तर ते कथेसारखं होईल. तसं झालं नाही. झालं एवढंच की थकून मी 'फाईल' नावाचीच एक कमांड चालवली. एखादी फाईल कोणत्या जातीची आहे तेवढं ती सांगते. तिनं सांगितलं: ३२ बिट, म्हणजे जुन्या पिढीच्या मशीनसाठी बनवलेली. आणि त्याच लांब ओळीत पुढे: इंटरप्रिटर, '/लिब/एलडी-लिनक्स.एसओ.२'.

इंटरप्रिटर. दुभाष्या.

मी तो पत्ता बघायला गेले. तिथे कुणी नव्हतं. तेव्हा सगळं उलगडलं. चालवायच्या बहुतेक फाईलींच्या पोटात सुरुवातीलाच एक पत्ता लिहून ठेवलेला असतो, मला चालवायच्या आधी याला बोलवा, असं सांगणारा. हा येतो, तिला लागणाऱ्या लायब्ऱ्या शोधून आणतो, जोडतो, आणि मग ती चालू होते. ६४ बिटच्या सिस्टिमचा दुभाष्या वेगळा, त्याचं घर वेगळं. माझी फाईल ३२ बिटची होती, तिचा दुभाष्या माझ्या मशीनवर कधी राहायलाच आला नव्हता. कर्नलनं, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यानं, फाईल उघडली, पत्ता वाचला, त्या पत्त्यावर गेला, कुणी सापडलं नाही, आणि परत येऊन शेलला 'नाही' एवढंच सांगितलं. कोण नाही, ते सांगितलं नाही. शेलच्या हातात नाव एकच होतं, मी टाईप केलेलं. त्यानं त्या नावापुढे 'नाही' लावलं आणि मला दिलं. कुणीही खोटं बोललं नव्हतं. प्रत्येकानं आपल्याला कळलं तेवढं पुढे सांगितलं, आणि शेवटी आरोप आला तो नेमका जे हजर होतं त्याच्यावर. त्या सकाळी ३२ बिटची सी लायब्ररी बसवली, तिच्याबरोबर दुभाष्या येतो, आणि एडीबीनं फोन ओळखला. वहीत मी लिहिलं, 'फाईल नाही' म्हटलं तर आधी फाईलीलाच विचार, तुला कोण हवंय. खाली दोन रेघा ओढल्या.

आता माझ्या ऑफिसात नवा मुलगा रुजू झाला की त्याच्या लॅपटॉपवर एक स्क्रिप्ट चालते आणि चहा पिऊन होईपर्यंत सगळं हजर असतं. परवा अशाच एका मुलाला विचारलं, तुझा जावा कुठे आहे? तो म्हणाला, "असेल कुठेतरी, स्क्रिप्टनं टाकलंय." मला ते टोचलं. मग दिवसभर मी माझ्या टोचण्याकडे बघत राहिले. त्यानं चूक काय केली? डेबियनमध्ये १९९९ साली 'एप्ट' हे पॅकेज उतरवून बसवणारं साधन आलं ते नेमकं यासाठीच, की माणसांनी कुणाला कोण लागतं याच्या याद्या हातानं जुळवत रात्री घालवू नयेत. ज्यांनी ते केलं त्यांनी माझ्यासारख्या लाखोंचे दिवस वाचवले आहेत. मी स्वतः रोज ते वापरते, कृतज्ञतेनं वापरते. कॅफेच्या बाकड्यावरच्या त्या दुपारी टंचाईच्या होत्या, त्यांना आता संस्कार म्हणायला माझं मन धजत नाही. माझ्याबरोबरच्या दोन मुलींच्या घरून संध्याकाळचं कॅफेत बसू द्यायचे नाहीत, त्यांनी शेवटपर्यंत घरी एक ओळही कोड लिहिला नाही. हातानं बसवण्याचं कौतुक करताना त्या दोघी मला आठवतात आणि शब्द घशात अडतात. तरीही, 'असेल कुठेतरी' हे मला सहन होत नाही. ज्या घरात आपण रोज आठ तास राहतो, त्यातला पाण्याचा नळ कुठून येतो हे एकदा तरी बघितलेलं असावं, असं मला मनापासून वाटतं. या दोन्ही गोष्टी मला एकाच वेळी वाटतात. त्यांचं एकमेकींशी जुळवून द्यायला मला अजून जमलेलं नाही.

गेल्या शनिवारी मी तासगावला गेले. मुद्दाम गेले, माझा लॅपटॉप घेऊन. आप्पांचं दुकान २०१९ पासून बंद आहे, दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली, बारीक तार आता दिसत नाही. पण सोप्यात त्यांची खुर्ची दाराकडे तोंड करून असते, जाणारे-येणारे अजून त्यांना मोटरीचं विचारतात. भाचीला मी जवळ बसवलं आणि म्हटलं, त्या दिवशी मी तुला नुसत्या ओळी दिल्या, त्यात काय होतं ते दाखवायचं राहिलं. तिला वाटलं ओरडायला आले आहे. सरांनी दिलेलं टारचं गाठोडं तिच्याकडून घेतलं आणि माझ्या लॅपटॉपवर सोडलं. माझ्याकडे उबुंटू २४.०४ आहे, आणि ३२ बिटचं काहीही नाही. म्हणजे तिचाच बिघाड तसाच पुन्हा दिसायला हवा होता. मी सगळी तयारी करून आले होते, ती ओळ दाखवायची, मग तिचा अर्थ.

ती ओळ आलीच नाही. पडद्यावर आलं, 'कॅनॉट एक्झिक्यूट: रिक्वायर्ड फाईल नॉट फाउंड'. चालवता येत नाही, लागणारी फाईल सापडली नाही.

मी दोनदा वाचलं. मग शोधलं तेव्हा कळलं की २०२२ मध्ये आलेल्या बॅशच्या ५.२ आवृत्तीत हा संदेश बदलला आहे. अमेरिकेत ओहायोमध्ये चेट रेमी नावाचे गृहस्थ वर्षानुवर्षं बॅश सांभाळतात. कितीतरी वर्षं त्या ओळीनं जगभर लोकांना माझ्यासारख्या, भाचीसारख्या रात्री दाखवल्या असतील, आणि एक दिवस ती बदलली. आता शेल कर्नलचं 'नाही' तसंच पुढे ढकलत नाही. आधी स्वतः बघतो, ही फाईल तर आहे, मग हिला लागणारं दुसरं काहीतरी नसणार. मोजकेच शब्द बदलले. मला का कोण जाणे, एकदम भरून आलं. भाची माझ्याकडे बघत होती, हिला काय झालं म्हणून. मी तिला तिच्या लॅपटॉपवरची जुनी ओळ आणि माझ्या लॅपटॉपवरची नवी ओळ शेजारी शेजारी लिहून दाखवली. दुभाष्याची गोष्ट सांगितली, कर्नल जातो कसा, परत येतो कसा, निरोप अर्धा का पोचतो. तिला ते लगेच कळलं. मला वाटलं होतं त्याच्यापेक्षा खूपच लवकर.

आप्पा खुर्चीतून ऐकत होते. ते म्हणाले, "म्हंजे आता त्ये सांगतंय, मोटार चांगली हाय, दुसरंच कायतरी न्हाई."

"हो आप्पा."

"पर कुठलं न्हाई त्ये सांगतंय का?"

मी पडद्याकडे पाहिलं. नव्या ओळीतही ते नाव नव्हतं. "नाही," मी म्हटलं, "ते अजून सांगत नाही."

तोवर भाचीनं लॅपटॉप स्वतःकडे ओढून घेतला होता आणि 'फाईल' टाईप करून पुढे कंपायलरचा पत्ता लिहीत होती. एंटर दाबलं. लांब ओळ आली. तिनं त्या ओळीवर बोट ठेवून ते सरकवत नेलं, ३२ बिटपाशी क्षणभर थांबली, आणि मग इंटरप्रिटरनंतरचा पत्ता आजोबांना एकेक अक्षर करून मोठ्यानं वाचून दाखवायला लागली.